कुलरची टाकी, विहिरीवरची मोटर आणि न आलेला मेसेज

संत्र्याचा_पोट्टा | १२ मे, रात्री ११:४०

राम राम मंडळी. नोकरी नागपूरला, घर वरुड तालुक्यात. घरी आई-बाबा दोघंच. घरामागे दीडशे मीटरवर मळा, तिथं विहीर, विहिरीवर पाच एचपीची मोटर आणि संत्र्याची झाडं. अंबिया बहाराची फळं झाडावर आहेत. या दिवसांत पाण्यात खंड पडला की गळ सुरू होते, हे इथल्या निम्म्या लोकांना सांगायला नको.

दिवाळीच्या सुट्टीत बसून घरी सेन्सर लावले. छतावरच्या टाकीत पाण्याची पातळी, मोटरच्या तारेवर करंट मोजायचा चिमटा, आई-बाबांच्या खोलीत तापमान. मार्चमध्ये कुलर बाहेर निघाला तेव्हा त्याच्या टाकीत एक फ्लोट स्विचही टाकला. सगळीकडे इएसपी३२ चे बोर्ड, म्हणजे वायफायवाली छोटी सर्किटं. माहिती वायफायनं घरातल्या रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर जाते आणि तिथून टेलिग्रामच्या बॉटमार्फत, म्हणजे आपोआप मेसेज टाकणाऱ्या खात्यामार्फत, आमच्या घरच्या ग्रुपवर. बॉट बनवायला पाच मिनिटं पुरतात. टेलिग्रामवर बॉटफादर शोधायचा, नाव द्यायचं, तो टोकन देतो. मग आपण बॉटला एकदा 'स्टार्ट' म्हणायचं. ते म्हणायचं राहिलं म्हणून माझी एक अख्खी संध्याकाळ गेली होती. बॉट आपणहून कोणाशी बोलायला सुरुवात करू शकत नाही, आधी आपण बोलावं लागतं.

आता दुखणं. गेल्या गुरुवारी झोपण्याआधी मोबाइल पाहिला, एकही मेसेज नव्हता. सगळं ठीक आहे समजून झोपलो. सकाळी साडेसहाला बाबांचा फोन, "मोटर बसली."

झालं असं, की शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतीच्या वेगळ्या वीजवाहिनीला, रात्रीची थ्री फेज होती. ऑटो-स्टार्टरवर मोटर आपोआप सुरू झाली, विहिरीनं तळ गाठला आणि मोटर कोरडी चालत राहिली. चिमट्याला ते कळलंही होतं. मळ्यातल्या सेन्सरच्या डब्यातल्या नोंदी नंतर पाहिल्या, १ वाजून ५२ मिनिटांनी करंट साडेसातवरून चार ॲम्पियरवर आलेला सरळ दिसतो. पण गावठाणाचा, म्हणजे वस्तीचा, फीडर त्याच वेळी बंद होता. घरात लाइट नाही म्हणजे राउटर नाही, रास्पबेरी पाय नाही. मळ्यातला डबा ओरडत होता आणि घरचं वायफायच मेलेलं.

मोटर रिवायंडिंगला तालुक्याला गेली आहे. सध्या शेजारच्या काकांच्या विहिरीवरून एक दिवसाआड पाणी घेतोय.

विचारायचं असं, की मेसेज आला नाही तर सगळं ठीक आहे की सगळं बंद आहे, हे नागपुरात बसून कसं ओळखायचं? शिवाय खोलीचं तापमान मधूनच ८५ अंश येतं आणि अलर्ट सुटतो, ते का? आणि या दोन महिन्यांत इतके मेसेज आले की बायकोनं ग्रुप म्यूट केला, हे मला कालच कळलं.


लूजकनेक्शन | १३ मे, सकाळी ७:१५

धागा चांगला काढला. फीडरचा हा घोळ पुण्या-मुंबईच्या माणसाच्या डोक्यातच येणार नाही. त्यांच्याकडे लाइट गेली की सगळंच जातं. आपल्याकडे घर अंधारात आणि मोटर जोरात.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: अलर्ट पाठवायचं काम घरातल्या यंत्राकडे राहू द्या, पण 'अलर्ट येत नाहीये' हे ओळखायचं काम घराबाहेर ठेवा. घरातली रास्पबेरी पाय दर पाच मिनिटांनी बाहेरच्या एखाद्या सेवेला फक्त हाक मारेल, 'आहे मी'. पंधरा मिनिटं हाक गेली नाही की ती सेवा तुम्हाला कळवेल. हेल्थचेक्स नावाची सेवा नेमकं हेच करते. फुकटात वीस तपासण्या मिळतात, टेलिग्रामवर निरोप देते. गुरुवारी हे असतं तर 'घर गप्प झालंय' असा मेसेज आला असता. मोटर कोरडी चालतेय हे कळलं नसतं, पण बाबांना फोन करून उठवता आलं असतं.

घराच्या आतल्या बाजूला एमक्यूटीटी (बोर्डांनी आपसात निरोप पाठवायची पद्धत) वापरत असाल तर त्यात 'लास्ट विल' असतं, म्हणजे मृत्युपत्र. बोर्ड जोडला जातानाच ब्रोकरकडे, म्हणजे निरोप वाटणाऱ्या मधल्या प्रोग्रामकडे, लिहून ठेवतो, की मी अचानक गायब झालो तर हा निरोप सगळ्यांना दे. कीप-अलाइव्ह, म्हणजे बोर्डानं 'आहे मी' सांगायची मुदत, ६० सेकंद ठेवलं तर साधारण दीडपट, म्हणजे ९० सेकंद वाट पाहून ब्रोकर ते मृत्युपत्र वाचतो. ही पद्धत १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनवर नजर ठेवायला बनली, तीही उपग्रहाच्या महागड्या आणि तुटक जोडणीवरून. म्हणून आपल्या गावच्या नेटवर्कला ती बरी मानवते.

आणि राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. सगळ्यात स्वस्त दुरुस्ती तीच आहे. रास्पबेरी पाय पॉवर बँकेवर ठेवायच्या भानगडीत पडू नका. बऱ्याच पॉवर बँका चार्ज होता होता नीट पुरवठा देत नाहीत, आणि एकटा इएसपी लावला तर भार फार कमी म्हणून आपोआप बंदही पडतात.

८५ चं नंतर लिहितो, ड्यूटीवर निघालो.


पूर्णाकाठ | १३ मे, सकाळी ८:०२

भाऊ, माह्या घरी तेल्हाऱ्याकडं याच्याही पलीकडची गंमत. आमचा खारपाणपट्टा. जमिनीतला ओलावा मोजाले दोन दांड्यांचा सेन्सर गाडला त महिन्याभरात दांड्या खाऊन टाकल्या. खाऱ्या पाण्यातून करंट मस्त जाते, म्हणून तो सेन्सर कोरड्या मातीतही 'ओलं हाय, ओलं हाय' सांगे. मग कपॅसिटिव्हवाला आणला. त्याले दांड्या नसते, सडत नाही. पण उन्हाळ्यात काळी जमीन अशी फाटते का हात जाईल इतक्या भेगा पडते. सेन्सर भेगेत लोंबते आणि हवा मोजत बसते. आता मी ओलावा हातानंच पाह्यतो.

मेसेजचं म्हणाल त आमच्या बाबाकडं बटनाचा फोन. त्याईले टेलिग्राम काय सांगता? मी सिम टाकाचा मॉड्यूल लावला, तो मिसकॉल देते. एक रिंग म्हणजे टाकी भरली, तीन रिंग म्हणजे मोटर पाह्य. पैसे लागत नाही, नेट लागत नाही. फक्त सिम टू-जी चालणारं पाह्यजे, फोर-जीच असलेलं त्यात धरत नाही. आणि त्या मॉड्यूलले कॉल लावताना एकदम दोन ॲम्पियरपर्यंत करंट लागते. साध्या चार्जरवर ठेवला त रिंग द्यायच्या टायमालेच रीसेट होते. मोठं कपॅसिटर लावा लागते.


तारवाला_काका | १३ मे, दुपारी १:३०

पोरांनो, वायरमन म्हणून आयुष्य गेलं, दोन शब्द माझेही. मोटर कोरडी चालली तर ती बंद करायची असते, कळवायची नंतर. रात्री दोनला मेसेज आला, पोरगा नागपुरात उठला, बाबांना फोन लावला, बाबांनी चप्पल घातली, बॅटरी शोधली, मळ्यात गेले, वाटेत साप. तोवर वाइंडिंग गेलं. स्टार्टरच्या पेटीत ड्राय रन प्रिव्हेंटर बसवून घ्या. करंट ठरवलेल्यापेक्षा खाली आला की तोच मोटर पाडतो, त्याला वायफाय लागत नाही. सोबत सिंगल फेजिंगचाही घ्या. एक फेज उडाली की उरलेल्या दोनवर मोटर गुणगुणत तापते, आपल्याकडे निम्म्या मोटरी त्यानंच जातात असं माझं मत.

दुसरं. लाइट आहे का हे ओळखायला मोबाइलचा चार्जर वापरतात हे मी पाहिलंय. घरातल्या सिंगल फेजवर वापरा, हरकत नाही. मळ्यातल्या पेटीत दोन फेजच्या मधे चार्जर लावायची हौस कोणी करू नये. तिथं चारशेच्या वर व्होल्ट असतात आणि चार्जर दोनशेचाळीसचा. एका पोराच्या हातात फुटलेला पाहिला आहे.


संत्र्याचा_पोट्टा | १३ मे, रात्री ९:५०

काका, पटलं आणि लाजही वाटली. सहा महिने बॉट सजवत बसलो, ड्राय रन प्रिव्हेंटर सुचला नाही. मोटर परत येईल त्याच दिवशी बसवतो.

लूजकनेक्शन, हेल्थचेक्स आज जोडलं. मुद्दाम बाबांना राउटर बंद करायला लावला. सतराव्या मिनिटाला मेसेज आला. बाबा म्हणाले, "एवढ्या वेळात त चहा होते." म्हणून मुदत दहा मिनिटांवर आणली.


नवशिक्या_आर्वी | १३ मे, रात्री १०:२०

वाचनखूण साठवली आहे. एक बाळबोध प्रश्न. मीही चिमट्याचा करंट सेन्सर आणला. मोटरच्या केबलभोवती लावला, मोटर चालू असताना शून्यच दाखवतो. सेन्सर खराब आला का?


लूजकनेक्शन | १३ मे, रात्री १०:४५

सेन्सर ठणठणीत असेल. पूर्ण केबलभोवती लावला तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात, उत्तर शून्यच येणार. चिमटा एकाच तारेभोवती बसला पाहिजे. तार सोडवायचं काम मेन बंद करून, आणि शक्यतो वर ज्या काकांनी लिहिलंय तशा माणसाकडून. तरीही शून्य आलं तर बोर्डाची पिन बघा. इएसपी३२ वर एडीसी-२ च्या पिना (व्होल्टेज मोजणाऱ्या पिनांचा दुसरा गट) वायफाय सुरू असताना वाचता येत नाहीत. ३२ ते ३९ मधली पिन घ्या.

आता ८५ अंशांचं. संत्र्याभाऊ, तुमचा सेन्सर डीएस१८बी२० असणार. त्याला वीज मिळाल्यावर पहिलं मोजमाप व्हायच्या आधी त्याच्या पोटात ८५ हाच आकडा ठेवलेला असतो. लाइट डुचमळली, सेन्सर रीसेट झाला आणि तुम्ही घाईनं वाचलं, की ८५. तार तुटली तर सेन्सर वाचणारी कोडची लायब्ररी उणे १२७ देते. हे दोन आकडे आले तर ते तापमान म्हणून धरूच नका, 'सेन्सर बिघडला' असा वेगळा निरोप पाठवा. आणि डेटाची तार आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आहे ना, ते पाहा. लांब तारेवर तो नसला तर असले खेळ जास्त होतात.

डीएचटी११ हा दुसरा सेन्सर घेतला नाहीत ते बरं केलंत. तो ५० अंशांपर्यंतच मोजतो, तेही दोन अंश इकडं-तिकडं. टिनाच्या छपराखाली आपल्या मे महिन्यात तो हात टेकतो.


मालगुजारी_तलाव | १४ मे, सकाळी ६:५५

अवांतर: सेन्सरचं म्हणणं खरं मानायचं की नाही, यावर २०२४ च्या मे अखेरीस नागपुरात काय गोंधळ झाला होता आठवतो का? एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले. दिवसभर मोबाइलवर तेच. शेवटी हवामान खात्याला सांगावं लागलं, की सेन्सर बिघडला होता, आकडा खरा नाही. आमच्या सासऱ्यांना अजूनही तो खराच वाटतो. "म्या भोगला ना," म्हणतात.


पूर्णाकाठ | १४ मे, सकाळी ७:१०

सासऱ्याईचं बरोबर हाय.


संत्र्याचा_पोट्टा | १४ मे, रात्री १०:०५

रेझिस्टर होता, पण दहा किलोओहमचा. डब्यात तोच सापडला म्हणून लावला होता. रविवारी घरी गेलो की बदलून पाहतो.

टाकीचंही एक लक्षात आलं, लिहून ठेवतो. अल्ट्रासॉनिक सेन्सर आवाज सोडून परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतो. आवाजाचा वेग २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, ४५ अंशांना जवळपास ३५८. मी कोडमध्ये ३४३ लिहून मोकळा झालो होतो. दुपारी छतावरच्या काळ्या टाकीतली हवा तापते, आवाज लवकर परत येतो, मीटरभराच्या अंतरात चार-साडेचार सेंटिमीटरचा फरक पडतो आणि पाणी आहे त्याहून जास्त दिसतं. आई म्हणायची, "तुहा मोबाइल म्हणते पाणी हाय, नळ म्हणते नाही." मला वाटायचं पाइपमध्ये कचरा अडकला असेल. आता टाकीतच एक तापमानाचा सेन्सर टाकून वेग दुरुस्त करतो, आणि पाच मोजमापं घेऊन मधलं धरतो. पाणी पडताना लाटा उठतात, त्या एकट्या मोजमापाला फसवतात.

राहिला मेसेजांच्या पुराचा प्रश्न. यावर कोणी बोललंच नाही.


यवतमाळची_मावशी | १४ मे, रात्री ११:३०

मी बोलते. मला यातलं तांत्रिक फार कळत नाही, पण मेसेज येणाऱ्या बाजूला मी आहे. आमच्या मुलानं घरी असंच सगळं लावलंय. पहिल्या आठवड्यात मला दिवसाला साठ-सत्तर मेसेज. 'टाकी २० टक्के.' 'टाकी १९ टक्के.' 'टाकी २० टक्के.' तो म्हणे, आई हा अलर्ट आहे. मी म्हटलं, ही किरकिर आहे.

मग आम्ही दोघांनी बसून ठरवलं. टाकी वीसच्या खाली गेली की एकदाच सांग, आणि परत तीसच्या वर जाईपर्यंत तोंड उघडू नको. त्यानं त्याला काहीतरी नाव सांगितलं, माझ्या लक्षात नाही. दुसरं, आकडा नको, काय करायचं ते सांग. आता मेसेज येतो: 'टाकीत दोन-तीन बादल्या उरल्या. बोर चालू कर.' तिसरं, ज्या गोष्टीवर मी काही करूच शकत नाही तिचा मेसेज मला नको, त्याच्या मोबाइलवर जाऊ दे. नेट गेलं हे मला सांगून काय उपयोग? मी काय खांबावर चढू?

मोशन सेन्सरही होता, रानडुकरांसाठी, कुंपणाजवळ. हिवाळ्यात बरा चालला. आता उन्हाळ्यात समोरून डुक्कर गेलं तरी गप्प बसतो. जागलीला माणूस आहे तोच बरा.


लूजकनेक्शन | १५ मे, सकाळी ७:०५

मावशी, दंडवत. त्या पद्धतीला हिस्टेरिसिस म्हणतात, तुम्ही समजावलंत तसं आम्हाला कॉलेजात कोणी समजावलं नाही.

मोशन सेन्सरचं कारण सांगतो. तो आजूबाजूच्या आणि अंगाच्या उष्णतेतला फरक पाहतो. रात्रीही तापमान पस्तिशीच्या आसपास राहिलं की डुकराचं अंग आणि मागची जमीन त्याला सारखीच दिसते. सेन्सर सुधारणार नाही, जून यावा लागेल.

संत्र्याभाऊ, दोन गोष्टी आणखी. टेलिग्रामच्या एका ग्रुपमध्ये बॉटला मिनिटाला वीसच मेसेज पाठवता येतात, पुढचे परत येतात. तुमच्या पुरात एखादा कामाचा मेसेज तसाच बुडालाही असेल. आणि ग्रुपमध्ये काही सेटिंग बदललं, उदाहरणार्थ जुने मेसेज नव्या सदस्यांना दिसू दिले, की साधा ग्रुप सुपरग्रुप होतो आणि त्याचा आयडी बदलतो. नवा उणे शंभरनं सुरू होतो. जुन्या आयडीवर पाठवत राहिलात तर ग्रुपमध्ये काहीच येणार नाही आणि तुम्हाला पुन्हा वाटेल, सगळं ठीक आहे. टेलिग्राम उत्तरात नवा आयडी देतं, पण आपला कोड ते उत्तर वाचत असेल तर. मी सहा महिने वाचत नव्हतो.


हिंगणघाटकर | १५ मे, दुपारी १२:४०

टेलिग्राम कशाला? गावात सगळे व्हॉट्सॲपवर. तिथंच पाठवता येत नाही का?


लूजकनेक्शन | १५ मे, दुपारी २:१०

तिथला अधिकृत मार्ग व्यवसायांसाठी आहे. खातं, पडताळणी, मंजूर केलेले नमुना-मेसेज, एवढं सगळं एका टाकीसाठी करायला जीव होत नाही. अनधिकृत मार्ग आहेत, पण त्यात आपला नंबर बंद व्हायची भीती, आणि आईच्या नंबरवर तो प्रयोग मी करणार नाही. टेलिग्राम नकोच असेल तर एनटीएफवाय (ntfy) ही निरोप पाठवायची सेवा बघा. मोकळ्या कोडचं आहे, ॲप टाकलं, विषयाचं नाव लिहिलं की झालं. पण ते नाव हीच किल्ली. 'वरुड-टाकी' असं ठेवलंत तर कोणीही वाचेल आणि कोणीही पाठवेल. लांब, ऊटपटांग नाव ठेवा. त्यात निरोपाला १ ते ५ असं महत्त्व देता येतं. मोटरला ५ द्या, बाकी सगळं ३ च्या खाली.


हिंगणघाटकर | १५ मे, दुपारी २:१५

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे). दोनदा पडला.


संत्र्याचा_पोट्टा | २९ मे, रात्री ११:१५

धागा वर काढतो. नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) सुरू आहे, चार दिवस सुट्टी टाकून घरी आलोय, ओसरीवर बसून लिहितोय.

मोटर आली, बसली. म्हणजे विहिरीवर बसवली, गैरसमज नको. काकांनी सांगितलेले दोन्ही प्रिव्हेंटर गावातल्या वायरमनकडून लावून घेतले. मंगळवारी रात्री त्यांतल्या एकानं एकदा मोटर पाडली. मला मेसेज आला, मी सवयीनं उठून बसलो, मग लक्षात आलं की करायचं काहीच नाही. परत झोपलो.

राउटरला छोटा यूपीएस आहे, रास्पबेरी पायलाही वेगळा. गावठाण बंद असताना आता दोन-अडीच तास निघतात. त्यापुढं हेल्थचेक्स. बाबांसाठी पूर्णाकाठभाऊंचा मिसकॉल हवा होता, पण मॉड्यूल अजून आला नाही. तोवर अंगणात एक भोंगा लावलाय, जुन्या स्कूटरचा हॉर्न. मोटर पडली की दोनदा वाजतो. शेजारची म्हैस पहिल्या दिवशी दावं तोडून पळाली, आता सवय झाली तिला.

ग्रुप दोन केले. एक माझा आणि बायकोचा, त्यात नेट, बॅटरी, सेन्सर बिघाड. दुसरा घरचा, त्यात मावशींच्या पद्धतीनं फक्त काम सांगायचं. त्यात गेल्या आठवड्यात एकूण पाच मेसेज आले आणि पाचही आईनं वाचले.

कुलरचा अलर्ट मात्र काढून टाकला. परवा रात्री पावणेतीनला मोबाइल वाजला, 'कुलरची टाकी रिकामी. पाणी टाका.' मी उठून बाहेर आलो तर आई आधीच बादली घेऊन उभी. म्हटलं, तुले मेसेज आला का? म्हणे, "मेसेज कायले पाह्यजे? ताट्या सुकल्या का आवाज बदलते कुलरचा. जाग येतेच." आणि खरंच बदलतो. ओल्या ताट्यांतून हवा घुमत येते, सुकल्या की खरखर आणि पंपाची कोरडी घरघर. सत्तर वर्षांच्या बाईला ते झोपेत कळतं. मी दोन महिने तिला उठलेल्या अवस्थेत मेसेज पाठवून परत उठवत होतो.

फ्लोट स्विच काढून ठेवलाय. दुसरा उपयोग सुचला तर सांगा.


पूर्णाकाठ | ३० मे, सकाळी ६:४०

गाईच्या हौदाले लाव. गाय काई सांगत नाही.


नवशिक्या_आर्वी | ३० मे, सकाळी ९:२०

चिमटा चालू झाला, तार एकटी पकडली. सगळ्यांचे आभार. तो फ्लोट स्विच नको असेल तर मला द्या ना. कितीला पडला होता?


संत्र्याचा_पोट्टा | ३० मे, सकाळी ९:३५

सव्वाशे. पण आता हौदाला लागला, आत्ताच.